रिटर्न भरलं, ई-व्हेरिफायही झालं, मग रिफंड अडलाय कुठे?

संथवाहिनी | 3 नोव्हेंबर 2025

मंडळी, बाबांचं (वय 68, जिल्हा परिषदेतून निवृत्त) आकारणी वर्ष 2025-26 चं (म्हणजे 2024-25 या आर्थिक वर्षातल्या उत्पन्नाचं) रिटर्न मी 12 सप्टेंबरला भरलं. आयटीआर-1, नवी करप्रणाली. वर्षाची पेन्शन 4,20,000 आणि एफडीचं व्याज 2,40,000. व्याजावर बँकेने 24,000 टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) कापला होता. कर शून्य निघतो, म्हणजे कापलेले सगळे परत मिळायला हवेत. आधार ओटीपीने त्याच दिवशी ई-व्हेरिफाय केलं. पोर्टलवर अजून 'अंडर प्रोसेसिंग'च दिसतंय.

शेजारच्या काकांचा रिफंड आठवड्यात आला, त्यामुळे घरात रोज चौकशी चालू आहे. किती दिवस थांबायचं? 'रिवाइज करून टाका म्हणजे हलेल' असं एकाने सुचवलं, ते करावं का? इतरांनीही आपापल्या शंका इथेच टाका, म्हणजे सगळं एका जागी राहील.

गच्चीवरचा | 3 नोव्हेंबर

माझाही तिथेच लटकलाय. वाचतोय.

लेजरबुक | 3 नोव्हेंबर

कर सल्लागाराच्या ऑफिसात बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमची आकडेमोड. पेन्शनमधून 75,000 प्रमाणित वजावट गेली की 3,45,000 उरतात. त्यात व्याज 2,40,000 मिळवलं की 5,85,000. नव्या प्रणालीत पहिले तीन लाख करमुक्त, वरच्या 2,85,000 वर 5 टक्क्यांनी 14,250. एकूण उत्पन्न सात लाखांच्या आत असल्याने 87ए ची सूट (ठरावीक मर्यादेतल्या उत्पन्नावरचा कर माफ करणारी) मिळते आणि कर शून्यावर येतो. (ही 2024-25 या आर्थिक वर्षाची गोष्ट. 2025-26 पासून ही मर्यादा बारा लाख झाली आहे.) तेव्हा 24,000 बरोबर आहेत.

आता मुदत. रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलं, ते संपल्यापासून नऊ महिन्यांत विभागाने कलम 143(1) ची सूचना (रिटर्न तपासून कर आणि रिफंड किती ते कळवणारी) काढायची, असं कायदा सांगतो. सप्टेंबर 2025 मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ती तारीख 31 डिसेंबर 2026 येते. बाबांना हे एकदम सांगू नका! साधी रिटर्न त्याच्या कितीतरी आधी उरकतात, पण शेजारच्या काकांचं झालं म्हणून आपलंही त्याच आठवड्यात होईल, असं काही नसतं.

रिवाइज्ड रिटर्न भरायचं ते काही चुकलं किंवा राहिलं असेल तरच. ते भरलं की आधीचं बाद होतं, नवं पुन्हा व्हेरिफाय करावं लागतं आणि रांगेत परत शेवटी उभं राहायचं. हलवायला म्हणून कुणी रिवाइज करू नये. खरंच काही सुधारायचं असेल, तर मुदत 31 डिसेंबर 2025.

तोवर पोर्टलवर काय बघाल? प्रोफाइलमध्ये 'माय बँक अकाउंट' उघडा. खातं 'व्हॅलिडेटेड' हवं आणि 'नॉमिनेट फॉर रिफंड'चं बटण त्याच खात्यासमोर चालू हवं. व्हॅलिडेट झालं पण नॉमिनेट केलंच नाही, अशी खाती मी ढिगाने पाहतो. मग 26एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) मध्ये 24,000 दिसतात का, तेही बँकेच्या बरोबर टॅनखाली (कर कापणाऱ्याचा क्रमांक), ते बघा. एआयएस (विभागाकडे असलेली आपल्या वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांची यादी) मध्ये तुम्ही न दाखवलेलं एखादं व्याज नाही ना, हेही पाहून घ्या. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय होतं आणि मग रिफंड निघतच नाही. शेवटी 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स'मधली वर्कलिस्ट आणि ई-मेलचं स्पॅम. विभागाने काही विचारलेलं असतं आणि आपण रिफंडची वाट बघत बसलेलो असतो.

संथवाहिनी | 3 नोव्हेंबर

खातं व्हॅलिडेटेड आहे, नॉमिनेटही आहे. 26एएस जुळतं. मग थांबते. आभार!

निवृत्त_पण_व्यग्र | 4 नोव्हेंबर

ताई, मुळात हा टीडीएस कापू द्यायचाच कशाला? मी दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेत 15एच (माझा कर शून्य आहे, टीडीएस कापू नका, असं सांगणारा फॉर्म) देऊन येतो. तुमच्या बाबांचा कर शून्य आहे, म्हणजे त्यांनाही देता येतो.

लेजरबुक | 4 नोव्हेंबर

काका, अगदी योग्य. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी 15एच, त्याखालच्यांसाठी 15जी. 15एच ला अट एवढीच, की वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर शेवटी लागणारा कर शून्य असावा. सूट धरून शून्य आला तरी चालतो. 15जी ला मात्र व्याजाची एकूण रक्कमही मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावी लागते, तिथे तरुण मंडळी फसतात.

दरवर्षी नवा द्यायचा, प्रत्येक बँकेत वेगळा द्यायचा आणि व्याज जमा व्हायच्या आधी द्यायचा. एकदा कापून सरकारजमा झालेला टीडीएस बँक परत देत नाही, तो रिटर्नमधूनच मिळतो.

एप्रिल 2025 पासून ज्येष्ठांच्या बँक व्याजावर एक लाखापर्यंत टीडीएस कापत नाहीत, आधी ही मर्यादा पन्नास हजार होती. बाबांचं व्याज त्याहून जास्त असल्याने त्यांना 15एच लागेलच. यंदाचा दिला नसेल तर उद्याच द्या, उरलेल्या तिमाह्यांचं तरी वाचेल.

तिरकस_तात्या | 4 नोव्हेंबर

म्हणजे आपलेच पैसे, आपणच फॉर्म द्यायचे, आपणच परत मागायचे आणि वर सरकार ते बिनव्याजी वापरणार. छान चाललंय.

लेजरबुक | 4 नोव्हेंबर

तात्या, बिनव्याजी नाही. कलम 244ए खाली दरमहा अर्धा टक्का मिळतो. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर 1 एप्रिलपासून मोजतात आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. ताईंचा रिफंड नोव्हेंबरात निघाला तर आठ महिने, 24,000 वर 120 रुपये महिना, म्हणजे 960. मुदतीनंतर भरणाऱ्याला मात्र भरल्या तारखेपासूनच. आणि रिफंड एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज अजिबात नाही.

तिरकस_तात्या | 4 नोव्हेंबर

आणि आपल्याकडे थकलं तर ते महिन्याला एक टक्का घेतात. देताना अर्धा, घेताना एक.

लेजरबुक | 4 नोव्हेंबर

यावर माझं तुमच्याशी भांडण नाही.

पेणकर | 5 नोव्हेंबर

माझं उलटंच. रिटर्न प्रोसेस झालं, 143(1) आली, पैसे मात्र आले नाहीत. 'रिफंड फेल्ड' दिसतंय. खातं जुनंच आहे, बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली.

लेजरबुक | 5 नोव्हेंबर

तेच कारण दिसतंय. विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलतो, कधी खाते क्रमांकही बदलतो आणि पोर्टलवर जुनाच राहतो. तिथे जुनी नोंद काढून नवा आयएफएससी टाका आणि परत व्हॅलिडेट करा. मग 'सर्व्हिसेस'मध्ये 'रिफंड रीइश्यू' म्हणून आहे, तिथून विनंती टाका, तीही ई-व्हेरिफाय करावी लागते. रिटर्न पुन्हा भरायची गरज नाही.

व्हॅलिडेशन नाकारलं गेलं तर नाव पडताळा. पॅनवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं पूर्ण आणि बँकेत 'एस. बी.' अशी आद्याक्षरं, की झालंच. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर हमखास अडतं. बँकेत केवायसी अर्ज देऊन नाव पॅनप्रमाणे करून घेणं सगळ्यात सोपं.

दोन_सोळा | 6 नोव्हेंबर

माझं रिटर्न भरायचंच राहिलंय. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली. पहिल्या कंपनीत 4,50,000 पगार आणि 16,900 टीडीएस. दुसरीकडे 6,00,000 आणि टीडीएस शून्य. मला वाटत होतं 16,900 परत येतील. दोन्ही फॉर्म 16 (कंपनीने दिलेलं पगार आणि टीडीएसचं प्रमाणपत्र) टाकले तर पोर्टल उलट चाळीस हजारांच्या वर भरायला सांगतंय! हे काय आहे?

गच्चीवरचा | 6 नोव्हेंबर

बापरे.

लेजरबुक | 6 नोव्हेंबर

पोर्टल बरोबर आहे. दुसऱ्या कंपनीला तुमचा आधीचा पगार माहीतच नव्हता. तिने सहा लाखांतून 75,000 वजा केले, 5,25,000 वर 87ए ची सूट धरली आणि कर शून्य काढला. पहिलीनेही तेच 75,000 आणि तोच करमुक्त टप्पा धरलेला. दोन्हीकडे मिळालेला हा लाभ वर्षात एकदाच मिळतो.

एकत्र मांडू. 10,50,000 वजा 75,000, म्हणजे 9,75,000. तीन ते सात लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, वरच्या 2,75,000 वर 10 टक्क्यांनी 27,500. झाले 47,500, त्यावर 4 टक्के उपकर 1,900, एकूण 49,400. त्यातून 16,900 गेले की 32,500 बाकी. शिवाय आगाऊ कर न भरल्याचं 234बी आणि 234सी चं व्याज, मुदत उलटल्याचं 234ए चं व्याज आणि उत्पन्न पाच लाखांवर असल्याने 234एफ ची 5,000 लेट फी. बेरीज चाळिशीच्या वर जाणारच.

यंदाची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस पुढे गेली होती. आता 31 डिसेंबरपर्यंत विलंबित रिटर्न भरता येईल, पण महिना वाढला की व्याज वाढतं, तेव्हा याच आठवड्यात उरका. पुढे कधी नोकरी बदलली तर नव्या कंपनीला फॉर्म 12बी द्या, त्यात आधीचा पगार आणि टीडीएस लिहायचा असतो. मग ते पगारातूनच हिशेबाने कापतात आणि वर्षाअखेर असा दणका बसत नाही.

दोन_सोळा | 6 नोव्हेंबर

एकच फॉर्म 16 दाखवला तर?

लेजरबुक | 6 नोव्हेंबर

26एएस मध्ये दोन्ही कंपन्या तुमच्या पॅनखाली एकाखाली एक दिसतायत. तुम्हाला दिसतं ते त्यांनाही दिसतं.

माळावरची | 7 नोव्हेंबर

मुदत चुकली तर रिफंडच मिळत नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. खरं आहे का? माझंही राहिलंय. गृहकर्ज आणि पीपीएफ असल्याने जुन्या प्रणालीत भरायचं होतं.

लेजरबुक | 7 नोव्हेंबर

रिफंड मिळतो. ही अफवा कुठून आली तेही सांगतो. फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या आयकर कायद्याचं विधेयक मांडलं, त्यात मुदतीत रिटर्न भरलं तरच रिफंड, अशी तरतूद होती. त्यावर ओरड झाली, प्रवर समितीने ती काढायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती राहिली नाही. तो कायदाही 1 एप्रिल 2026 पासूनच लागू.

दुसरी बातमी वाईट. विलंबित रिटर्नमध्ये जुनी प्रणाली निवडता येत नाही. नवी प्रणालीच आता मूळ धरतात आणि जुनी हवी असेल तर मूळ मुदतीतच सांगावं लागतं. 80सी (पीपीएफसारख्या गुंतवणुकीची वजावट) आणि राहत्या घराच्या कर्जाचं व्याज यंदा विसरा. नव्या प्रणालीत कर काढून बघा, तुमच्या उत्पन्नावर फरक कमीही असू शकेल.

आडगाव_बुद्रुक | 9 नोव्हेंबर

माझी 143(1) आली, पण रिफंड मी मागितल्यापेक्षा 18,600 ने कमी. पीडीएफला पासवर्ड आहे, उघडत नाही. कारण काय असावं?

लेजरबुक | 9 नोव्हेंबर

पासवर्ड म्हणजे इंग्रजी छोट्या अक्षरांत पॅन आणि त्याला लागून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष, मध्ये रेघ नाही की जागा नाही. उघडल्यावर दोन रकाने दिसतील, डावीकडे तुम्ही भरलेले आकडे, उजवीकडे विभागाने धरलेले. ओळीने खाली या. जिथे आकडे पहिल्यांदा वेगळे दिसतील तिथे थांबा.

आडगाव_बुद्रुक | 9 नोव्हेंबर

उघडलं. उत्पन्न सारखंच आहे. टीडीएसच्या ओळीत 18,600 कमी. जानेवारी ते मार्चचा टीडीएस 26एएस मध्ये नाहीच! पगाराच्या स्लिपवर मात्र कापलेला आहे. कंपनी सध्या डबघाईला आलीय, एचआर फोन उचलत नाही.

तिरकस_तात्या | 9 नोव्हेंबर

म्हणजे कंपनीने खिशात घातला.

लेजरबुक | 9 नोव्हेंबर

घातलाही असेल, किंवा भरून टीडीएसचं विवरण दिलं नसेल, किंवा विवरणात पॅन चुकला असेल. शेवटच्या तिमाहीचं विवरण 31 मे पर्यंत द्यायचं असतं. कंपनीला फोन नको, ई-मेल करा. तिन्ही महिन्यांच्या स्लिपा आणि तेवढाच निव्वळ पगार जमा झालेलं बँकेचं स्टेटमेंट जोडा. पुढे ते पुरावे म्हणून लागेल.

कंपनीने दुरुस्ती केली आणि 26एएस मध्ये रक्कम दिसली, की पोर्टलवर कलम 154 खाली रेक्टिफिकेशनची (दुरुस्तीची) विनंती टाका. त्यात 'टॅक्स क्रेडिट मिसमॅच' असा पर्याय आहे. त्यासाठी रिवाइज्ड लागत नाही आणि मुदतही भरपूर आहे, आदेशाचं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षं.

कंपनी दादच देत नसेल, तर कलम 205 लक्षात ठेवा. पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढा कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. मात्र हे कलम वसुलीपासून वाचवतं, रिफंड आपोआप पाठवत नाही. त्यासाठी पोर्टलवर ग्रीव्हन्स (तक्रार) टाका आणि आपल्या अधिकारक्षेत्रातल्या आयकर अधिकाऱ्याकडे कागदांसह अर्ज द्या. चिवटपणा लागतो, खोटं कशाला सांगू.

पावसाळी_छत्री | 10 नोव्हेंबर

आमच्याकडे 2012-13 च्या कुठल्याशा थकबाकीत रिफंड वळवतोय अशी कलम 245 ची सूचना आलीय. मागणी 7,400 ची. तेव्हा सगळा कर भरला होता, चलन (कर भरल्याची पावती) आहे.

लेजरबुक | 10 नोव्हेंबर

आहे ना चलन? मग 21 दिवसांच्या आत 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'मध्ये 'असहमत' निवडा, बीएसआर कोड (चलनावर छापलेला बँकशाखेचा क्रमांक), तारीख, चलन क्रमांक भरा आणि चलन जोडा. गप्प राहिलात तर मान्य आहे असं समजून वळवून टाकतात.

शिवाय 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात जुन्या किरकोळ मागण्या माफ झाल्यात. आकारणी वर्ष 2010-11 पर्यंतच्या 25,000 पर्यंत आणि 2011-12 ते 2015-16 च्या 10,000 पर्यंतच्या, एका करदात्याला एकूण लाखाच्या मर्यादेत. तुमची त्यात बसायला हवी होती. सूचनेतलं वर्ष आकारणी वर्षच आहे ना ते पाहून घ्या आणि उत्तरात या माफीचाही उल्लेख करा.

गच्चीवरचा | 12 नोव्हेंबर

आमच्या कारखान्यात एकजण येतो. म्हणे 'रिफंड काढून देतो, त्यातले दहा टक्के माझे'. चार-पाच जणांना खरंच मिळालेत.

लेजरबुक | 12 नोव्हेंबर

त्या चार-पाच जणांना रिटर्नची प्रत मागायला सांगा. राजकीय पक्षाला न दिलेली देणगी, नसलेलं घरभाडं, नसलेल्या आजाराचा खर्च, यातलं काहीतरी सापडेल. पैसे आले म्हणजे प्रकरण संपलं असं नसतं. असल्या बोगस वजावटींवर विभागाने जुलै 2025 मध्ये देशभर शोधमोहीम काढली होती. खोटी माहिती देऊन कर बुडवला तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट, कर आणि व्याज वेगळं. आणि नोटीस करदात्याच्या नावाने येते. तो दहा टक्केवाला तोवर दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर उभा असतो.

निवृत्त_पण_व्यग्र | 12 नोव्हेंबर

याच विषयावरून आठवलं. 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, खातं पडताळण्यासाठी इथे दाबा' असे संदेश सध्या फिरतायत. दाबू नका. आयकर विभाग ओटीपी, पिन किंवा कार्ड नंबर कधीच विचारत नाही. शंका वाटली तर पोर्टल स्वतः उघडून बघा.

संथवाहिनी | 14 नोव्हेंबर

आला! 24,960. वरचे 960 लेजरबुकनी आधीच सांगितले होते. बाबा विचारतायत, त्या 960 वर कर लागतो का?

लेजरबुक | 14 नोव्हेंबर

अभिनंदन! मूळ 24,000 हे उत्पन्न नाही, ते सोडून द्या. 960 मात्र 2025-26 चं 'इतर स्रोतांतलं उत्पन्न' म्हणून पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचे. एआयएस मध्ये ते दिसतीलच. बाबांना त्यावर कर बसायचा नाही, पण ओळ गाळू नका.

तिरकस_तात्या | 14 नोव्हेंबर

दिलेल्या व्याजावरही कर. मी काही बोलत नाही.

झेंडूचीबाग | 16 नोव्हेंबर

धागा वाचून आईची जुनी कागदं काढली. 2020-21 या आर्थिक वर्षात तिच्या एफडीवर 31,000 टीडीएस गेलाय, रिटर्न भरलेलंच नाही. उत्पन्न करपात्र नव्हतं. आता अपडेटेड रिटर्न भरून मिळेल का?

लेजरबुक | 16 नोव्हेंबर

अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, रिफंड मागायला चालत नाही. ते जास्तीचा कर भरण्यासाठीच आहे.

तुमचा मार्ग कलम 119(2)(ब), विलंबमाफीचा अर्ज. ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो आणि एक कोटीपर्यंतचे दावे प्रधान आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. आईंचं आकारणी वर्ष 2021-22, ते 31 मार्च 2022 ला संपलं, म्हणजे 31 मार्च 2027 पर्यंत वेळ आहे. पोर्टलवर 'सर्व्हिसेस'मध्ये 'कन्डोनेशन रिक्वेस्ट' आहे, तिथून टाका. त्या वर्षाचं 26एएस, बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा हिशेब आणि उशीर का झाला याचं खरं कारण जोडा. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद. 'माहीत नव्हतं' एवढंच लिहिलं तर सहसा टिकत नाही.

मंजुरी आली की त्या आदेशाचा क्रमांक टाकून रिटर्न भरायचं आणि ई-व्हेरिफाय करायचं. अशा उशिराच्या दाव्यावर 244ए चं व्याज मिळत नाही, मूळ 31,000 तेवढे मिळतील. आईंचं पॅन आधारशी जोडलंय का, ते आजच बघा. नसेल तर एक हजार शुल्क भरून आधी ते करावं लागेल.